बसण्याची विद्या

गोरक्ष – …म्हनून कात्री ठेवली खाली आन् तुमाला फोन लावला, गुरुजी. हे बघा. ह्या कडेची लाल पट्टी म्याच शिवेल हाय, आठ वर्षं झाली. माझा टाका मला वळखू येनार नाय का?

उपेंद्रशास्त्री – आण बरं इकडे. उजेडात धर. …होय रे. माझंच आसन हे. तीन दिवस घरातलं प्रत्येक कपाट मी धुंडाळतो आहे. बायकोला, श्यामलेला म्हटलं, तूच धुवायला टाकलं असशील. तेवढ्यावरून तिने दोन दिवस अबोला धरला आहे. आणि हे इथे, द्वारकेच्या चौकात, मोटारसायकलच्या गाद्यांच्या दुकानात!

गोरक्ष – विश्वेशभाऊ घेऊन आले परवा. म्हनले, "सीटच्या वरच्या थरात हे घाल, वरून रेक्झिन ठोक, आन् कुनाला बोलू नको."

उपेंद्रशास्त्री – आणि तू मला बोललास.

गोरक्ष – तुमी कुनी थोडेच हाय? तुमी गुरुजी हाय.

उपेंद्रशास्त्री – गोरक्षा, तुझ्यासारखा नैयायिक या चौकात सीट शिवतो आहे, हे नाशिकचं भाग्य. कात्री लागली नाही ना कुठे?

गोरक्ष – नाय नाय. तुमची आसनाची गोष्ट मला ठावं हाय. पट्टी शिवायला दिली तव्हाच तुमी बोलले होते, शिव, पन त्याच्यावर बसू नको.

उपेंद्रशास्त्री – आसन ज्याचं त्याचं. माळ आणि आसन उसनं देत नाहीत, घेतही नाहीत. माझ्या वडिलांचं आसन मला मिळालं नाही. ते त्यांच्यामागोमाग गोदेत सोडलं. आणि माझा सुपुत्र ते रेक्झिनखाली ठोकून इंदूरला निघाला आहे. किती वाजता येणार म्हणालास?

गोरक्ष – धाला. म्हंजे आताच.

उपेंद्रशास्त्री – मग असं कर. तो आला की रागावू नको, काही सुचवू नको. फक्त एवढंच विचार, "दुखतं कुठे?" मी त्या फोमच्या थप्पीमागे बसतो.

गोरक्ष – गुरुजी! तुमी लपनार?

उपेंद्रशास्त्री – छे, लपणं मला शोभेल का? मी बसणार आहे. तिथे बसलेला इथून दिसत नाही, हा त्या जागेचा गुण. …जरा हा तक्ता सरकव. हां. उत्तम. आता जांभई आली तरी मी देणार नाही.

गोरक्ष – आलेच बघा, स्कूटरवर. हेल्मेट काढून ऱ्हायले.

विश्वेश – काय गोरक्षभाऊ, झाली का सीट? शुक्रवारी पहाटे निघायचंय हो, आता चारच दिवस राहिले.

गोरक्ष – या भाऊ. बसा.

विश्वेश – नको, उभाच बरा आहे.

गोरक्ष – आवो स्टूल हाय ना.

विश्वेश – उभाच बरा आहे म्हटलं ना!

गोरक्ष – बरं, ऱ्हावा उभं. दुखतं कुठं?

विश्वेश – कोणाला?

गोरक्ष – ह्या सीटवर बसतो त्याला. भाऊ, डॉक्टरापुढं मानूस लाजत नाय, मंग माझ्यापुढं का लाजायचं? ही तुमची जुनी सीट उघडी पडेल हाय, बघा. उजवीकडं दबेल, डावीकडं फुगेल, मधी खड्डा. मानूस खोटं बोलतो, फोम नाय बोलत.

विश्वेश – हळू बोला हो. बाहेर ऐकू जाईल.

गोरक्ष – बाहेर कोन हाय? समदी द्वारका हॉर्न वाजवून ऱ्हायली. सांगा.

विश्वेश – सांगतो. पण इथेच ठेवा. मागच्या महिन्यात आमचा ग्रुप इंदूरला गेला ना?

गोरक्ष – हां, तुमच्या गाडीची क्लचची तार तुटली मालेगावला. वैनी सांगत व्हत्या.

विश्वेश – तार तुटली नव्हती.

गोरक्ष – मंग?

विश्वेश – मी तुटलो होतो. ओझरपर्यंत ठीक. वडाळीभोईपासून मुंग्या. चांदवडला वाटलं, कोणीतरी खालून तवा लावलाय. राहूड घाट मी अर्धा उभा राहून उतरलो. मालेगावला चहाला थांबलो, उतरलो, आणि मग परत बसताच येईना! पाय उचलला की डोळ्यांत पाणी. चौघं हेल्मेट घालून तयार, आणि मी गाडीभोवती फिरतोय.

गोरक्ष – अरारारा. मंग?

विश्वेश – मग काय सांगणार? तीस जणांच्या ग्रुपवर रोज सकाळी लांबच्या प्रवासाच्या सूचना मीच टाकतो. "पाणी प्या, पाठ ताठ ठेवा, आज पाचशेचा पल्ला." मी म्हटलं, क्लचची तार गेली, तुम्ही व्हा पुढे. ते गेले. मग कापड घेऊन नाशिकला येणारा एक टेम्पो मिळाला. गाडी त्यात चढवली.

गोरक्ष – आन् तुमी पुढं डायवरपाशी?

विश्वेश – …बसायचं कसं, भाऊ? मी मागे. लुंग्यांच्या गाठोड्यांवर. पालथा.

गोरक्ष – शंभर किलोमीटर पालथे?

विश्वेश – हसू नका. पुढचं ऐका, ते जास्त वाईट आहे. अपूर्वाने विचारलं, काय झालं? मी क्लचचंच सांगितलं. तिला पटावं म्हणून चांगली तार काढून नवी टाकली आणि जुनी नेऊन दाखवली. तर ती म्हणते, हायवेवर दगा देणारी गाडी घरात नको. तिच्या ऑफिसात धनराज म्हणून एक आहे, तो घ्यायला तयार बसलाय. दगा मी दिला, आणि विकली जातेय गाडी!

गोरक्ष – ठरलं का समदं?

विश्वेश – जवळजवळ. मी हातापाया पडून एक संधी मागितली. परत इंदूर. शुक्रवारी जायचं, रविवारी यायचं. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर राहील. नाही आली तर सोमवारी धनराज. म्हणून म्हणतो, या वेळी सीट अशी करा की…

गोरक्ष – आन् हे लोकरीचं काय?

विश्वेश – ते… बाबांचं आसन आहे.

गोरक्ष – इचारून आनलं?

विश्वेश – विचारलं असतं तर दिलं असतं का? हे बघा, बाबा त्याच्यावर सात-सात तास बसतात. अडुसष्ट वर्षांचा माणूस! सकाळी सातला बसतात, दोन वाजता उठतात, आणि उठून जेवायला पंगतीत पुन्हा मांडी घालून बसतात. हूं नाही की चूं नाही. आणि मला शंभर किलोमीटर झेपत नाही. काहीतरी असणारच ना त्या लोकरीत?

गोरक्ष – तुमचा तर देवाधर्मावर इस्वास नाय म्हनता.

विश्वेश – देवावर नाही. लोकरीवर थोडा बसलाय.

उपेंद्रशास्त्री – थोडा का होईना, बसला खरा. आनंद आहे.

विश्वेश – …गोरक्षभाऊ, फोम बोलला.

गोरक्ष – म्या सांगितलं ना, फोम खोटं नाय बोलत.

विश्वेश – बाबा! तुम्ही तिथे कधीपासून आहात?

उपेंद्रशास्त्री – तू उभाच बरा होतास तेव्हापासून. गोरक्षा, हात दे जरा. …पालथा का रे, विश्वेश? कुशीवरही झोपता आलं असतं.

विश्वेश – बाबा, प्लीज. घरी बोलू नका. आणि आसनाचं… चुकलं माझं. खरंच चुकलं.

उपेंद्रशास्त्री – चुकलं तर आहेच. परंतु मी रागावलेलो नाही, हे पाहून मलाच नवल वाटतं. दोन वर्षांमागे दिवाळीत तू अपूर्वाला म्हणाला होतास, "बाबांना काय कष्ट आहेत? बसून तर असतात." मी शेजारच्या खोलीत चिवडा खात होतो. चिवडा चांगला झाला होता म्हणून काही बोललो नाही.

विश्वेश – तुम्हाला अजून लक्षात आहे?

उपेंद्रशास्त्री – पाठांतर हाच आमचा धंदा. असो. आज तूच म्हणालास की शंभर किलोमीटर नुसतं बसणं तुला साधत नाही. माझी फिर्याद निकालात निघाली. आता पाकीट काढ.

विश्वेश – कशाला? दक्षिणा?

उपेंद्रशास्त्री – मागच्या खिशातलं काढ. मी थप्पीमागून पाहत होतो; तू उभा असतानाही उजवीकडे एक उंचवटा दिसतो आहे. त्यावर बसून तू मालेगाव गाठलंस?

विश्वेश – नेहमीच तिथे असतं.

गोरक्ष – बघा! म्हनून उजवी बाजू दबेल हाय! मी म्हनलं, भाऊचं एका अंगाला वजन कसं काय?

उपेंद्रशास्त्री – खाली खडा असेल तर तपस्व्याचंही चित्त खड्यापाशी जातं. आता या बाकावर बस. लाकडाच्या.

विश्वेश – बाबा, लाकडावर?

उपेंद्रशास्त्री – बस. दोन्ही तळहात खाली घाल, उताणे. हल जरा पुढेमागे. दोन हाडं लागतात हाताला?

विश्वेश – …लागतात. अगदी टोकदार आहेत की.

उपेंद्रशास्त्री – सदतीस वर्षांनी तुमची ओळख झाली. माणूस त्या दोन हाडांवर बसतो, विश्वेश. मांसावर नाही आणि माकडहाडावर तर मुळीच नाही. ती दोन टेकली की वरचा कणा आपोआप उभा राहतो. आणि ती टेकायला खाली काहीतरी घट्ट हवं. गादीवर बसून जप होत नाही. तासाभरात माणूस लोळतो. तुझ्या सीटमध्ये काय भरलं आहे?

विश्वेश – चार इंच एकदम मऊ फोम, आणि वर जेलचं पॅड. मीच मागवून घातलं होतं.

गोरक्ष – हेच सांगत व्हतो मी, पन भाऊ ऐकून कुठं घेतात? "मऊ करा, अजून मऊ करा!" दुकानात बोटानं दाबून बघतात समदे. बोटानं बसतं का कुनी? मऊ फोम पहिले धा किलोमीटर लोनी. मंग तो खाली बसतो, मानूस त्याच्यात रुततो, आन् समदा भार भलत्या जागी. वरून जेल तापतं, तो तवा येगळाच.

विश्वेश – मग काय घालायचं?

गोरक्ष – दाबून बनवेल कडक फोम. मागं रुंद, पुढं निमुळता, वरून सपाट. आता तुमची सीट पुढं उतरती हाय, दर ब्रेकला तुमी टाकीवर घसरता. ते काढतो. माकडहाडाखाली बोटभर पोकळी ठेवतो. आन् ही जीन्स नको, हिची शिवन नेमकी हाडाखाली येते.

उपेंद्रशास्त्री – बघ. मी जे चाळीस वर्षांत शिकलो ते हा गृहस्थ रोज कात्रीने कापतो.

विश्वेश – ठीक आहे. सीट कडक, पाकीट बाहेर, जीन्स बाद. पण बाबा, तरी सात तास? खरं सांगा. ती लोकर नाही, तर मग काय आहे? प्राणायाम? काही मंत्र?

उपेंद्रशास्त्री – गोरक्षा, शटर थोडं खाली ओढ.

गोरक्ष – ओढलं.

उपेंद्रशास्त्री – मी सात तास बसत नाही.

विश्वेश – म्हणजे? मी लहानपणापासून बघतोय.

उपेंद्रशास्त्री – तू बसलेला पाहतोस, उठलेला पाहत नाहीस. कोणतंही मोठं कार्य आठव. पाऊण तास झाला की मी पळी खाली ठेवतो आणि म्हणतो, "यजमान, उठावं. पूर्वेला वंदन करावं." सगळे उठतात. मीही उठतो. पुन्हा पाऊण तासाने दक्षिण. मग पश्चिम. मग उत्तर.

गोरक्ष – हां, चार दिशांचं वंदन! आमच्या वास्तुशांतीला केलं व्हतं ना तुमी.

उपेंद्रशास्त्री – ते कोणत्याही पोथीत नाही.

गोरक्ष – …काय म्हनता, गुरुजी?

उपेंद्रशास्त्री – माझ्या वडिलांनी सुरू केलं. रामकुंडावर कार्य चालू असताना एका वृद्ध यजमानाचे पाय आखडले. बिचारा सांगायला लाजत होता. चारचौघांत, देवासमोर, कसं म्हणायचं की मला बसवत नाही? वडिलांनी ते ओळखलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आता पूर्वेला वंदन." म्हातारा उठला. त्याच्या मागे बसलेली अर्धी मंडळी त्याच्याहून लवकर उठली.

गोरक्ष – आवो, माझी आई, कुसाबाई, गावभर सांगती ना! म्हनती, असा चार दिशांचा इधी दुसरा कुनी बामन करत नाय!

उपेंद्रशास्त्री – दुसरा कोणी करतच नाही, हे तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. तुझ्या आईचे गुडघे मी दारातच पाहिले होते.

विश्वेश – बाबा! म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं… मी एक क्लचची तार तोडली, तुम्ही चार दिशा निर्माण केल्यात!

उपेंद्रशास्त्री – दिशा पूर्वीपासून होत्या. त्यांना वंदन केल्याने कोणाला पाप लागल्याचं ऐकिवात नाही. आणि हे शास्त्रात आहे, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू खोटं सांगितलंस, वर न तुटलेली तार पुरावा म्हणून नेलीस. मौन आणि बनावट यांत अंतर आहे.

विश्वेश – सोयीस्कर अंतर आहे.

उपेंद्रशास्त्री – पाऊण तासाचं.

गोरक्ष – भांडू नका. मुद्द्याचं मला कळलं. बसायचं गुपित म्हंजे उठायचं.

उपेंद्रशास्त्री – एवढंच. दुखू लागल्यावर उठणारा रोगी, आणि दुखण्यापूर्वी उठणारा शहाणा.

विश्वेश – पण ते मला जमणार नाही, बाबा! ग्रुपमध्ये कसं थांबणार? आमच्यात दोन-दोन तास सलग ओढतात. पाऊण तासाला थांबा म्हटलं की सोमनाथ आख्खा आठवडा ग्रुपवर माझे फोटो टाकेल. आणि सूचना लिहिणारा मी!

उपेंद्रशास्त्री – त्या वृद्ध यजमानासारखंच झालं तुझं. सांगायची लाज.

विश्वेश – हो. झालं समाधान?

उपेंद्रशास्त्री – झालं. आता माझं ऐक. तुझ्या गाडीला मागे जागा आहे ना?

विश्वेश – आहे. का?

उपेंद्रशास्त्री – मी येतो.

विश्वेश – कुठे?

उपेंद्रशास्त्री – इंदूरला. शनिवारी मला ओंकारेश्वर घडवून आण, तेवढाच मोबदला. पाऊण तास झाला की मी तुझ्या खांद्यावर टिचकी मारीन. थांबायचं. कोणी विचारलं तर मी स्वतः सांगेन, "मला पाऊण तासाने उठण्याची सवय आहे." यात एक अक्षर खोटं नाही. म्हातारा सोबत असला की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझ्या वयाचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

विश्वेश – बाबा, चारशे किलोमीटर आहे. एका बाजूने.

उपेंद्रशास्त्री – मला भूगोल येतो.

विश्वेश – आई काय म्हणेल?

उपेंद्रशास्त्री – तिचा अबोला चालू आहे. ही संधी पुन्हा यायची नाही.

गोरक्ष – पन गुरुजी, धोतर? चाकात जाईल ना ते.

उपेंद्रशास्त्री – माझ्याकडे एक पॅन्ट आहे. लग्नाआधी बँकेच्या मुलाखतीसाठी शिवली होती.

विश्वेश – तुम्ही बँकेत मुलाखत दिली होती?

उपेंद्रशास्त्री – दिली. त्यांनी विचारलं, "दिवसभर एका जागी बसावं लागेल, जमेल का?" मी खरं ते सांगितलं. म्हणून आज इथे आहे. …गोरक्षा, मागची सीटही त्याच मापाने कर. आणि वर दोन बंद शिव, माझं आसन बांधता येईल असे. माझं आसन मी कुठेही अंथरू शकतो.

गोरक्ष – गुरुवारी सांजच्याला दोन्ही तयार ठेवतो. मोफत नाय बरं, पन चार दिशा फुकट शिकवल्या म्हनून रेक्झिन चांगलं लावतो.

उपेंद्रशास्त्री – आता उरलं एक काम. विश्वेश, फोन काढ. अपूर्वाला लाव.

विश्वेश – आत्ता? कशाला? आता तर सगळं जमलंय.

उपेंद्रशास्त्री – ग्रुपपाशी मौन चालेल, ती परकी माणसं. घरात तुटलेली तार चालणार नाही. तिने काही विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि ती विचारणार. मी सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं.

विश्वेश – परत आल्यावर सांगतो ना.

उपेंद्रशास्त्री – परत आल्यावर तू विजयी असशील. विजयी माणूस कबूल करतो तेव्हा ती फुशारकी वाटते. आज सांग. आज तुला बसवतही नाही, म्हणून ती दया तरी करेल.

विश्वेश – …हॅलो, अपूर्वा? हो, द्वारकेला आहे. सीटवाल्याकडे. ऐक ना, एक सांगायचं होतं. क्लचची तार तुटली नव्हती. …नाही, प्लेटही नाही. गाडी ठणठणीत होती. …मी. …मी म्हणजे मीच! मला बसवेना. …हो, दाखवली ती तार चांगलीच होती. …टेम्पोतून. …कापडाच्या. …नाही गं, पुढे नाही. …मागे, गाठोड्यांवर. …आता ते कशाला? …पालथा. …अपूर्वा? अपूर्वा, हसतेयस की रडतेयस? …आरोहीला सांगू नको! शाळाभर करेल पोरगी! अगं, सांगू नको म्हटलं ना! …हो, बाबा इथेच आहेत. येताहेत माझ्याबरोबर. …हो, पॅन्ट घालून. …बरं. …बरं. कळलं.

गोरक्ष – काय म्हनल्या वैनी?

विश्वेश – आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, गाडीचा राग गेला, तो आता माझ्याकडे वळलाय. धनराजला तिने अजून नाही म्हटलेलं नाही. "खरं सांगितलंस म्हणून जा. पण पुन्हा टेम्पोतून आलास, तर टेम्पो थेट धनराजच्या दारात उभा करायचा, गाडी तिथे उतरवायची आणि घरी चालत यायचं." आणि बाबा, तुमच्यासाठी निरोप आहे.

उपेंद्रशास्त्री – काय?

विश्वेश – "आमच्या लग्नात सप्तपदीआधी बाबांनी सगळ्यांना चार वेळा उठवलं होतं, त्याचं शास्त्र काय, ते आल्यावर विचारणार आहे."

उपेंद्रशास्त्री – …विचारू दे. आता सांगावं लागेल.

(रविवार, दुपार उतरणीला लागलेली. इंदूरहून परतीचा महामार्ग. राहूडचा घाट मागे पडला आहे आणि चांदवड समोर आहे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे प्रत्येक वाक्य थोडं ओरडूनच बोलावं लागतं.)

विश्वेश – बाबा, ऐकू येतंय ना?

उपेंद्रशास्त्री – बोल.

विश्वेश – तुम्हाला एक गंमत सांगायची राहिली. काल रात्री सोमनाथने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता हा थांब्यांवरून बोलणार.

उपेंद्रशास्त्री – बोलला?

विश्वेश – म्हणाला, "पुढच्या वेळी काका येणार आहेत ना?" मी म्हटलं, का रे? तर म्हणे, "मागच्या खेपेला इंदूरहून आल्यावर मी तीन दिवस उशीवर बसून ऑफिसचं काम केलं. या वेळी काहीच नाही." बाबा, चौघांचंही तेच होतं! सेंधव्याच्या अलीकडे मी आरशात बघितलं, पाऊण तास व्हायला आला होता आणि चौघंही तुमच्या हाताकडे बघत गाडी चालवत होते. टिचकी कधी पडते म्हणून.

उपेंद्रशास्त्री – आणि कोणी बोललं नाही.

विश्वेश – कोण बोलणार? सगळ्यांना वाटत होतं, दुखतंय ते आपल्यालाच. आता मालेगावहून ते पुढे गेलेत. पण पिंपळगावला थांबतो म्हणाले. स्वतःहून!

उपेंद्रशास्त्री – उत्तम.

विश्वेश – मघाशी मालेगावला तो चहावाला पाहिलात ना? त्याने मला ओळखलं. म्हणाला, "साहेब, आज टेम्पो नको?" मी त्याच्यासमोर पाय टाकला, बसलो आणि दोनदा उठून पुन्हा बसून दाखवलं.

उपेंद्रशास्त्री – पाहिलं मी. थोडा नाटकीपणा झाला.

विश्वेश – झाला तर झाला! अपूर्वाचा मेसेज होता. धनराजला सकाळीच कळवलं तिने, गाडी विकायची नाही म्हणून. मी म्हटलं, अजून पोचलो कुठे? तर म्हणाली, "मालेगावहून निघताना बसलास ना? मग पोचलास."

उपेंद्रशास्त्री – शहाणी आहे.

विश्वेश – बाबा, खरं सांगू? आता मला काहीच होत नाहीये. पाय मोकळे, पाठ मोकळी. ती दोन हाडं टेकलीत आणि वरचा मी नुसता आहे. तुम्ही म्हणता तसं. असं वाटतंय, रस्ता संपूच नये. पाऊण तास होत आला, पण आज टिचकी नको. थेट नाशिक मारू? साठ-पासष्ट किलोमीटर तर राहिलेत. दिवे लागायच्या आत इंदिरानगरात, घरी.

उपेंद्रशास्त्री – हं.

विश्वेश – पिंपळगावला त्यांना हात करून पुढे जाऊ. काय म्हणता?

उपेंद्रशास्त्री – विश्वेश, त्या कडुनिंबाखाली घे.

विश्वेश – अहो, मी खरंच बरा आहे. माझ्यासाठी थांबायची गरज नाही.

उपेंद्रशास्त्री – ते कळलं मला. माझ्यासाठी घे.

विश्वेश – …थांबा, आधी मी उतरतो. खांद्याला धरा. डावा पाय आधी. हळू, हळू… बाबा, केवढा आखडलाय हा! कधीपासून दुखतोय?

उपेंद्रशास्त्री – मालेगाव सुटल्यापासून.

विश्वेश – मग टिचकी का नाही मारलीत?

उपेंद्रशास्त्री – तुझी बैठक इतकी छान लागली होती. मोडवेना.